थांबणं आणि संपणं

एखादी गोष्ट पूर्ण झाली हे सांगायला मराठीत क्रियापदांची वाण नाही. भात शिजतो, दही लागतं, लोणचं मुरतं, आंबा पिकतो, इडलीचं पीठ फुगून वर येतं. प्रत्येक वस्तूची पूर्ण होण्याची रीत वेगळी, म्हणून शब्दही वेगळा. पण तीच गोष्ट मध्येच थांबली, तर आपण चटकन दोन-तीन शब्दांवर येतो: राहिलं, अडलं, रखडलं. त्यातून अडचण अशी, की थांबलेली गोष्ट बाहेरून बहुतेक वेळा संपलेल्या गोष्टीसारखीच दिसते. दोन्हींत हालचाल नसते, आवाज नसतो. आत काही शिल्लक आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

शिवाय पूर्ण होणं कोणाच्या बाजूने पाहायचं, हाही प्रश्न असतोच. "उत्साहावर विरजण पडलं" असं आपण सहज म्हणतो. ज्या विरजणामुळे दही लागतं, ते भाषेने बिघाडाचं नाव करून टाकलं. हा वाक्प्रचार दुधाच्या बाजूने विचार करतो. दह्याला कोणी विचारलेलं नाही.

मला इथे जो प्रश्न मांडायचा आहे तो एवढाच: थांबलेली गोष्ट संपली असं म्हणण्याचा अधिकार कोणाला, तो कशाच्या आधारावर वापरायचा, आणि निर्णय चुकला तर त्याची किंमत कोण मोजतं? मी भाषांतर करते, त्यामुळे हा प्रश्न मला कामाच्या टेबलावर रोज भेटतो. पण तो नीट विचारायला मी शिकले ते पुस्तकांतून नव्हे, घरी बनवलेल्या बिअरमुळे.

इंग्लंडमध्ये नॉरिचला डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांनी १९८९ साली सुरू केलेलं भाषांतराचं केंद्र आहे. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी त्या गावात दोन महिने राहिले. ज्यांच्या घरी राहत होते ते गृहस्थ रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. स्वयंपाकघरामागच्या फरशीच्या खोलीत ते बिअर बनवायचे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही, आणि तिथल्या अनेक घरांत तो आपल्याकडच्या लोणच्या-पापडांसारखा हंगामी उद्योग असतो. त्याच गावच्या पंधराव्या शतकातल्या एका नोंदीत, बिअरवर साठणाऱ्या फेसकट खमिराला "देवाचं देणं" अशा अर्थाचं नाव आहे. ते ज्यामुळे घडतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं, पण त्याशिवाय काही होत नाही हे ठाऊक होतं. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध कायद्यात बिअरचे घटक तीनच सांगितले आहेत: जव, हॉप्स आणि पाणी. जे सगळं काम करतं त्या यीस्टचा उल्लेखच नाही. लुई पास्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ चा, आणि कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवलं ते १८८३ साली. म्हणजे हजारो वर्षं माणसं एका अदृश्य कामकऱ्याच्या भरवशावर होती, आणि त्याचं काम संपलं की थांबलं हे अंदाजानेच ठरवत होती.

त्या हिवाळ्यात आमच्या घरातली बिअर अडकली. तेवीस लिटरचा डबा, झाकणाला पाण्याची वाकडी नळी. पहिले तीन दिवस त्या नळीतून बुडबुडे असे येत होते, की रात्री पाणी प्यायला उठलं तरी ऐकू यावेत. पाचव्या दिवशी शांतता. मला वाटलं, झाली. गृहस्थ म्हणाले, "बुडबुडे साक्षीदार म्हणून चालत नाहीत." झाकण सैल असेल तर आंबणं चालू असतानाही नळी गप्प राहते, उलट खोली थोडी तापली तर आंबणं थांबलेलं असतानाही आत विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे येतात. आवाजावरून निकाल द्यायचा नाही, मोजायचं.

मोजायचं साधन म्हणजे हायड्रोमीटर, काचेची एक तरंगती कांडी. साखर विरघळलेलं पाणी जड असतं, त्यात कांडी वर राहते. साखरेचा अल्कोहोल होत गेला की द्रव हलका होतो आणि कांडी खाली उतरते. सुरुवातीला आकडा होता १.०५०. तो १.०१२ च्या आसपास येईल असा त्यांचा अंदाज होता, म्हणजे साधारण पाच टक्के अल्कोहोल. कांडी १.०२० वर थांबली. तीन दिवसांनी पुन्हा मोजलं, तरी १.०२०. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या तक्रारींमध्ये हा आकडा फार ओळखीचा आहे.

त्यांच्याकडे दुसरंही एक उपकरण होतं, प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं. थेंबभर द्रव पुरतो, म्हणून सोयीचं. पण ते पहिल्या दिवशीच विश्वासाचं. एकदा अल्कोहोल तयार झाला की तोही प्रकाश वाकवतो, आणि उपकरण आहे त्यापेक्षा जास्त साखर दाखवतं. गणिताने दुरुस्ती केली नाही तर संपलेली बिअरही अडकलेली वाटते. हे ऐकून मी जरा वेळ गप्प बसले. मजकुराकडे पहिल्या वाचनात ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर वर्षभर त्याच्यासोबत राहिल्यावर तितकी भरवशाची राहत नाही; मधल्या काळात जे तयार झालं ते त्या नजरेलाही वाकवतं. मसुदा अपुरा वाटतो तेव्हा अपुरेपण मसुद्यात असतं की बघण्यात, हे आधी तपासावं लागतं.

आकडा खरा आहे हे ठरल्यावर प्रश्न येतो कारणाचा. इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते, कारण सारख्याच दिसणाऱ्या थांबण्यामागे निरनिराळी कारणं असू शकतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. एक कारण थंडी. या जातीच्या यीस्टला अठरा ते बावीस अंश सेल्सिअस मानवतं. त्या फरशीच्या खोलीत रात्री चौदा अंश होत होते. थंडी पडली की यीस्ट एकमेकांना चिकटून तळाशी बसतं. मरत नाही, निजतं. दुसरं कारण उपासमार: सुरुवातीला पुरेसा प्राणवायू किंवा पुरेसं नत्र मिळालं नसेल, किंवा यीस्टच कमी घातलं असेल, तर पेशी दमतात. यीस्ट आधी सोपी साखर खातं, मग माल्टोज, आणि सगळ्यांत शेवटी माल्टोट्रायोज नावाची अवघड साखर. दमलेलं यीस्ट हा शेवटचा घास टाकून देतं.

तिसरं कारण वेगळ्याच जातीचं. जवाचं माल्ट गरम पाण्यात भिजवतात त्या पहिल्याच दिवशी, पाणी किती गरम होतं यावर बिअरचा शेवट बराचसा ठरलेला असतो. साठ ते पासष्ट अंशांच्या दरम्यान पिठूळ भागाच्या बहुतेक अशा साखरा होतात ज्या यीस्टला खाता येतात. त्याहून चार-पाच अंश वर गेलं की डेक्स्ट्रिन नावाचे लांब रेणू जास्त उरतात, आणि ते यीस्ट खाऊच शकत नाही. मग कितीही ऊब द्या, कितीही ढवळा, ते तसेच राहणार. हे राहिलेलं काम नव्हे. बिअरला जो भरीवपणा असतो, घोट जिभेवर टेकतो तेव्हा जे अंग जाणवतं, ते याच उरलेल्यामुळे. ते काढून टाकायचा उपायही बाजारात मिळतो: एक एन्झाइम, डेक्स्ट्रिन तोडून साखर करणारं. ते घातलं की आकडा हवा तितका खाली येतो आणि बिअर पाण्यासारखी पातळ लागते. आकडा पूर्ण, वस्तू रिकामी.

गृहस्थांनी काय केलं? एन्झाइम घातलं नाही, साखरही नाही. साखर घातली की यीस्ट ती खातं, बुडबुडे येतात, माणसाला बरं वाटतं, आणि मूळ अडचण जिथल्या तिथे राहते. त्यांनी एका लहान बाटलीत थोडी बिअर घेतली, त्यात भरपूर ताजं यीस्ट घातलं आणि ती हीटरजवळ ठेवली. तिथे आकडा १.०१६ ला येऊन थांबला. याचा अर्थ या बिअरची खालची मर्यादा तेवढीच होती, उरलेलं डेक्स्ट्रिन. मग मोठा डबा उबदार खोलीत आणून, झाकण न उघडता हलकेच घोळवला, म्हणजे तळाचं यीस्ट उठेल पण हवा आत जाणार नाही. या टप्प्यावर हवा मिसळली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. आठवड्याने मोठ्या डब्याचा आकडाही १.०१६ झाला आणि तीन मोजण्यांत तिथेच राहिला. म्हणजे १.०२० वर ती थांबलेली होती आणि १.०१६ वर संपली. अंदाज केलेल्या १.०१२ वर ती कधी जाणारच नव्हती.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर मला आजही पुरतं. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर मुद्दाम घालतात. एक ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. १.०२० वर अडकलेली बिअर संपली समजून बाटल्यांत भरली आणि ती आत जागी झाली, तर त्या मापाच्या वर बराच वायू बंद काचेत कोंडतो. बाटली फुटते. फुटते तेव्हा भरणारा बहुधा जवळ नसतो. ज्याला भेट दिली तो तिच्यासमोर उभा असतो. "झाकण मी लावतो आणि काच दुसऱ्याच्या हाताला लागते," ते म्हणाले, "म्हणून मोजायचं."

आता माझ्या कामाकडे येते. पुढे एका संग्रहासाठी मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या तोंडी कहाण्यांचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आलं. मुलाखती दुसऱ्यांनी पूर्वीच घेतलेल्या, माझ्या हातात मराठी उतारे. एका काकींचा उतारा मोठा रसरशीत होता. कोकणातलं माहेर, लग्न होऊन परळच्या चाळीत येणं, पाळ्यांप्रमाणे झोपणारं घर, खाणावळीचे डबे. मग १८ जानेवारी १९८२: दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पहिले महिने तपशिलाने येतात. मग एक परिच्छेद, भांडी विकल्याचा. आणि नंतर एकच ओळ: "मग काय, झालं." उतारा तिथे बंद होतो. पुढची पस्तीस वर्षं नाहीत.

"झालं" हा शब्द भाषांतराच्या वर्गात शिकवायला ठेवावा असा आहे. झालं म्हणजे घडलं. झालं म्हणजे संपलं. झालं म्हणजे पुरे, आता विचारू नका. स्वयंपाकही झालाच म्हणतात, आणि माणूस गेल्यावरही "झालं" म्हणून उसासा टाकतात. हिंदीत "हो गया" याच्या बरंच जवळ जातं. इंग्रजी मात्र घडणं आणि संपणं यांतलं एक निवडायला लावते. निवड करायची तर आधी ठरवायला हवं की काकी थांबल्या होत्या की त्यांचं सांगून संपलं होतं.

संपादकांचं म्हणणं स्पष्ट होतं: वाचकाला असं अधांतरी सोडता येणार नाही, एक समारोपाचा परिच्छेद हवा. उताऱ्यातलीच वाक्यं थोडी हलवून करता येईल. या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. वाचकाचाही काही हक्क असतो, आणि तुटक मजकूर छापून त्यालाच प्रामाणिकपणा म्हणणं हा पुष्कळदा आळस असतो. पण मला ते एन्झाइम दिसत होतं. समारोपाने आकडा खाली आला असता. शिवाय बंद बाटलीचा नियम इथेही लागू होता: शेवट मी लिहिला असता, आणि तो खोटा निघाला असता तर नातेवाइकांसमोर, शेजाऱ्यांसमोर उभं राहायची वेळ काकींवर आली असती.

इथपर्यंत बिअरची तुलना चालते. इथून पुढे ती सोडावी लागते, आणि कुठे सोडायची हे कळणं मला तुलनेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. यीस्टला ऊब देताना त्याची परवानगी घ्यावी लागत नाही. माणसाच्या गप्प राहण्याला ऊब देणं हा हस्तक्षेप आहे. मायेने, चहा पीत, हळूच विचारलेला प्रश्नही तळ ढवळतोच, आणि वर काय येईल हे विचारणाऱ्याला सोसायचं नसतं. लहान बाटलीतली चाचणी माणसावर करता येत नाही. आणि काय उरलं आहे, ते अडकलेलं आहे की तेच त्या बाईचं अंग आहे, हे बाहेरून मोजणारी कांडी कोणाकडे नाही.

मग नुसतं थांबावं, वाट पाहावी? धीर हा सद्‌गुण आहे असं आपण शिकलो. पण गिरणी संपाचा इतिहास धीराबद्दल वेगळं सांगतो. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. नाव "संप", आणि तो संपला नाही, थांबला, विरला. मालकांना वाट पाहणं परवडत होतं, कामगारांना नव्हतं. पुढे त्याच जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. लोअर परळच्या गिरण्यांच्या जुन्या आवारांत ताजी बिअर बनवून विकणारी ठिकाणंही निघाली. तिथे डब्यांची उष्णता अंशाअंशाने सांभाळली जाते. तेव्हा वाट पाहणं आपोआप नैतिक होत नाही. कोण वाट पाहतो आहे, आणि त्या वाट पाहण्याचा खर्च कोणाच्या घरातून जातो, हे विचारावं लागतं. नव्वदीकडे झुकलेल्या बाईच्या उताऱ्यावर भाषांतरकाराने सावकाश चिंतन करत बसणं हीही एक चैनच.

मी विरारला गेले, काकी मुलाकडे राहतात तिथे. सोबत मुलाखत घेणारी मैत्रीण होती, कारण ओळख तिची. यंत्र नेलं नाही. पुढे काय झालं असं विचारायचं नाही, एवढं ठरवलं होतं. मी म्हटलं, "काकी, तुमचं बोलणं आता छापणार आहेत. एकदा वाचून दाखवू का?" त्या हो म्हणाल्या. मी मराठी उतारा पहिल्यापासून वाचला. डब्यांच्या ठिकाणी त्या हसल्या. भांड्यांच्या परिच्छेदाआधी एक वाक्य होतं, "संपात नवऱ्याची नोकरी गेली". तिथे त्यांनी हात वर केला.

"गेली नाय म्हणा," त्या म्हणाल्या. "बोलावणं आलं नाय."

मी पेन्सिलीने दुरुस्त केलं. मग शेवटची ओळ वाचली. "मग काय, झालं." त्यांनी मान हलवली आणि सुनेला चहाचं विचारलं. आणखी काही सांगायचं आहे का, असं मैत्रिणीने एकदाच विचारलं. "त्यात हाय की सगळं," काकी म्हणाल्या.

मला वाटतं, आम्हाला हवं होतं ते मोजमाप हेच. वाचून दाखवणं म्हणजे त्यांची वस्तू पुन्हा त्यांच्या हातात देणं. ती पुरी आहे की नाही ते त्यांनी पाहिलं. जिथे आमच्या शब्दाने संपवलं होतं, तिथे त्यांनी "नाही, थांबलं" असं सांगितलं. जिथे आम्हाला थांबल्यासारखं वाटत होतं, तिथे त्यांनी काहीच वाढवलं नाही. पस्तीस वर्षं न सांगणं हा त्यांच्या कहाणीचा भरीवपणा असेल, किंवा आणखी काही असेल. ते माझ्याकडे येण्यासाठी नव्हतं.

इंग्रजीत मी "झालं"साठी "दॅट वॉज इट" घेतलं. जे होतं ते हेच, आणि संपलं तेही हेच, असे दोन्ही अर्थ त्यात कसेबसे मावतात. स्वयंपाक झाल्याचा अर्थ मात्र बाहेर राहिला. "नोकरी गेली" या वाक्याच्या जागी "बोलावणं आलं नाही" हे आलं, आणि त्यासाठी इंग्रजीतलं नोकरी गमावण्याचं तयार क्रियापद सोडून आठ शब्दांचं ओबडधोबड वाक्य करावं लागलं. समारोप लिहिला नाही. संपादकांशी बोलून, वाचकाच्या हक्कापोटी, खाली एक ओळ टाकली: इथे ध्वनिमुद्रण थांबतं, हा उतारा सांगणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवला आहे. "संपतं" हा शब्द तिथे येऊ दिला नाही.

नॉरिचचे गृहस्थ प्रत्येक बाटलीवर दोन आकडे लिहीत, सुरुवातीचा आणि शेवटचा, आणि तारीख. अंदाज काय होता तो लिहीत नसत. अपुऱ्या वाटणाऱ्या गोष्टीशी आपण निदान एवढं तरी वागावं. मोजल्याशिवाय झाकण लावू नये, आपल्या अंदाजापर्यंत ती आली नाही म्हणून तिचं उरलेलं तोडू नये, आणि उघडणाऱ्याला आत काय आहे ते सांगावं. माणसांच्या बाबतीत पहिली अट बदलते. तिथे मोजायची कांडी ज्याची कहाणी त्याच्या हातात द्यावी लागते, आणि तो जो आकडा सांगेल तो उतरवून घ्यावा लागतो.